टर्बो गाडीसाठी स्पोर्ट्स कॅट: २०० सेल घ्यावा की ३००? ठाणे-नवी मुंबईच्या रोजच्या वापरासाठी

कोपरीकर

मंडळी, ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० साठी डाउनपाइप (टर्बोला लागून असलेला एक्झॉस्टचा पहिला पाइप) घ्यायचाय आणि कॅटपाशी, म्हणजे त्यातल्या धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपाशी, येऊन गाडं अडलंय.

गाडी २०१७ची, बीएस-४, २.० टीएसआय, आयएस२० टर्बो, सहा गिअरची डीएसजी. सध्या स्टेज वन रिमॅप (इंजिनच्या संगणकात टाकलेली पॉवर वाढवणारी फाइल), इनटेक आणि मोठा इंटरकूलर. डाउनपाइप बसला की स्टेज टू फाइल टाकायची आणि ३०० पीएसच्या आसपास थांबायचं. टर्बो बदलायचा नाही. रोजचा रस्ता कोपरी-ऐरोली-महापे, शनिवार-रविवारी घोडबंदर, अधूनमधून लोणावळा.

तीन कोटेशन हातात आहेत:
अ) ३ इंची पाइप, ४ इंच व्यासाचा २०० सेलचा मेटल कॅट
ब) ३ इंची पाइप, ५ इंच व्यासाचा ३०० सेलचा मेटल कॅट, 'अ'पेक्षा बराच महाग
क) कॅट नसलेला सरळ पाइप, मागच्या ऑक्सिजन सेन्सरला स्पेसर

'क' नको आहे, पण सगळ्यात जास्त आग्रह त्याचाच होतोय. 'अ' आणि 'ब' मध्ये पॉवरचा फरक पडेल का? पीयूसी निघेल का? चेक इंजिन लागेल का?

लॅम्डा_१

'ब' घ्या. आता का ते सांगतो, कारण दुकानदार फक्त सेलचा आकडा सांगतात आणि खरी गोष्ट तिथेच निसटते.

सेल म्हणजे जाळीच्या एक चौरस इंचात किती भोकं आहेत तो आकडा. कंपनीच्या कॅटमध्ये साधारण ४०० ते ६०० असतात, काहींत ९०० पर्यंत. भोकं कमी म्हणजे प्रत्येक नळी रुंद, वायूला वाट मोकळी. इथपर्यंत सगळे बरोबर सांगतात. पण वायू किती वेगाने जाळीत शिरतो हे व्यासावर ठरतं, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

४ इंच व्यासाच्या जाळीचं तोंड ८१ चौरस सेंटिमीटर, ५ इंचाचं १२७. म्हणजे दीडपटीहून जास्त. तेवढाच वायू ५ इंचातून जाताना त्याचा वेग ६४ टक्क्यांवर येतो. बारीक नळ्यांतला प्रवाह संथ, थराथरांचा असतो. तिथे दाबाची तूट वेगाच्या सम प्रमाणात आणि नळीच्या रुंदीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. २०० वरून ३०० सेलवर गेलात तर तूट दीडपट होते, व्यास ४ वरून ५ केलात तर ०.६४ पट होते. १.५ गुणिले ०.६४ म्हणजे ०.९६. जाळीची लांबी आणि पत्र्याची जाडी सारखी धरली तर ५ इंची ३०० सेल आणि ४ इंची २०० सेल वायूला जवळपास सारखेच अडवतात.

आता दुसरी बाजू बघा. रासायनिक काम होतं ते जाळीच्या पृष्ठभागावर. त्याच हिशोबाने ५ इंची ३०० सेलमध्ये पृष्ठभाग ४ इंची २०० च्या सुमारे १.९ पट भरतो. अडथळा तितकाच आणि स्वच्छता जवळजवळ दुप्पट. जास्त पैसे या १.९ पटीचे आहेत, पॉवरचे नाहीत.

राबाळे_लॉगर

वरच्या हिशोबाला पूर्ण सहमती. एकच भर. तूट फक्त जाळीत पडत नाही, जाळीच्या पुढच्या-मागच्या शंकूतही पडते आणि ती वेगाच्या वर्गाने वाढते. ३ इंची पाइप एकदम ५ इंचावर फुगवला, म्हणजे शंकू आखूड आणि उभट ठेवला, तर वायू मधल्या भागातूनच जातो. कडेची जाळी थंड आणि बेकार पडते, मधली भाजून निघते. म्हणून 'ब' वाल्याकडून शंकूची लांबी विचारून घ्या, फोटो मागवा.

आयएस२० मध्ये वेस्टगेट, म्हणजे जास्तीचा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप, टर्बोच्या आतच आहे. ते उघडलं की गरम वायूचा झोत तिरका येऊन जाळीच्या एका बाजूवर आदळतो. कॅटचं तोंड टर्बोला अगदी चिकटून असेल तर ती बाजू आधी जाते.

खाडीपलीकडे

टर्बो गाडीला डाउनपाइपचा एवढा फायदा का होतो, हे कोणी नीट मांडेल का? साध्या इंजिनाला सायलेन्सर बदलून हाताला काहीच लागत नाही, मग इथे का लागतं?

लॅम्डा_१

टर्बाइन चालते ती आतल्या आणि बाहेरच्या दाबाच्या गुणोत्तरावर. समजा पूर्ण लोडवर ते गुणोत्तर २ आहे. तेवढंच काम काढायला टर्बाइनमागचा दाब ०.१ बारने कमी केलात, तर टर्बाइनपुढचा, म्हणजे सिलिंडरच्या तोंडावरचा दाब ०.२ बारने उतरतो. गुणोत्तराइतकी पट मिळते. सिलिंडरमध्ये जळका वायू कमी उरतो, नॉकची (मिश्रण अवेळी भडकण्याची) शक्यता घटते, ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, इग्निशन कमी मागे खेचतो. साध्या इंजिनात ही पट नसते, ०.१ चा ०.१ च राहतो.

म्हणूनच कॅट काढून टाकायची गरज पडत नाही. कंपनीच्या पाइपातल्या अरुंद वळणांनी आणि बारीक व्यासाने जेवढं अडवलेलं असतं, त्यातला बराचसा भाग चांगला ३ इंची पाइप आणि मोठ्या तोंडाचा कॅट मोकळा करून देतो. ३०० पीएससाठी इंजिन सेकंदाला साधारण २३०-२४० ग्रॅम हवा ओढतं. ५ इंची जाळीला हे सहज झेपतं.

सानपाडा_४३

पीयूसी आणि कायद्याचं मी लिहितो, कारण या विषयावर अर्धवट माहिती फार फिरते.

बीएस-४ आणि बीएस-६ पेट्रोल गाडीला आयडलवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) २०० पीपीएमच्या आत हवं. शिवाय हाय आयडलवर, म्हणजे २५०० आरपीएमच्या २०० वर-खाली, सीओ ०.२ टक्के आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलचं मिश्रण नेमक्या प्रमाणाच्या किती पट आहे तो आकडा, नेमकं म्हणजे १) ०.९७ ते १.०३. कॅट नसलेला पाइप आयडलवर कधीमधी निसटतो, हाय आयडलवर ०.२ टक्के त्याला जमत नाही. चांगला २०० किंवा ३०० सेलचा कॅट पूर्ण तापलेला असेल तर दोन्हीकडे पास होतो. अट 'तापलेला' ही आहे. पेट्रोल पंपावर रांगेत वीस मिनिटं इंजिन बंद ठेवून टेस्ट करू नका. पंधरा-वीस मिनिटं नीट चालवून थेट मशीनवर घ्या.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ म्हणतं की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने १८२अ(४) आलं: मालकाने असा बदल केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आवाज आणि धुराचं कलम १९०(२) वेगळं. त्यात पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स जातं. त्यामुळे 'स्पोर्ट्स कॅट लावला की गाडी कायदेशीर' असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. हवा कमी घाण होते, पीयूसी निघतं, हे खरं. मूळ डाउनपाइप जपून ठेवायचा तो यासाठीच.

आणि मूळ डाउनपाइप गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. त्यातल्या प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियममुळे भंगारात त्याला चांगला भाव असतो. काम झालं की त्याच दिवशी डिकीत टाकून घरी आणा.

खाडीपलीकडे

माझा प्रश्न थोडा वेगळा. व्हर्टस १.५ टीएसआय, बीएस-६. हाच हिशोब चालेल?

राबाळे_लॉगर

तत्त्व तेच, पण दोन गोष्टी आधी बघा. गाडी लिफ्टवर घेऊन कॅटच्या मागे आणखी एक डबा आणि त्याच्या पुढेमागे दाब मोजणाऱ्या बारीक नळ्या आहेत का ते पाहा. असतील तर तो कणांचा फिल्टर आहे. तो काढून टाकणारे डाउनपाइप विकले जातात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. डायरेक्ट इंजेक्शनचं पेट्रोल इंजिन बारीक काजळी सोडतं आणि ती अडवायला दुसरं काहीच नाही.

दुसरं, १५० पीएसच्या गाडीला ५ इंची जाळी तापायला वेळ लागेल. वायू कमी, उष्णता कमी. त्या गाडीला ४ इंची ३०० किंवा ४०० सेल जास्त योग्य. वॉरंटी शिल्लक असेल तर मुळात हात लावू नका, रिमॅपवर थांबा.

कोपरीकर

तापण्याचा मुद्दा माझ्याही गाडीला लागू होतो ना? संध्याकाळी महापे ते कोपरी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच जाते.

लॅम्डा_१

हो, आणि म्हणूनच कॅट कुठे बसतो ते महत्त्वाचं. कॅट काम सुरू करतो साधारण २५० ते ३०० अंशांना. त्याआधी ती नुसती जाळी. मेटलचा पातळ पत्रा सिरॅमिकपेक्षा लवकर तापतो, पण तितक्याच लवकर थंडही होतो. टर्बोच्या मागे लगेच असेल तर रांगेत उभ्या गाडीतही तग धरतो. काही स्वस्त डाउनपाइपांत कॅट खाली, सपाट भागात, टर्बोपासून दोन-तीन फुटांवर बसवलेला असतो, कारण तिथे वेल्ड करणं सोपं. घोडबंदरच्या रांगेत असा कॅट कामाच्या तापमानाखाली घसरतो आणि मागच्या गाडीला पेट्रोलचा वास जातो. 'अ' आणि 'ब' दोघांना विचारा: टर्बोच्या फ्लँजपासून जाळीच्या तोंडापर्यंत किती सेंटिमीटर?

आणखी एक. कोल्ड स्टार्टला पहिला मिनिटभर इंजिन जरा चढ्या आरपीएमवर आणि मागे खेचलेल्या इग्निशनवर चालतं. हे मुद्दाम केलेलं असतं, कॅट तापवण्यासाठी. काही ट्यूनर 'सकाळचा आवाज कमी करतो' म्हणून ते बंद करतात. तुमच्या फाइलमध्ये ते चालू ठेवायला सांगा.

वागळे_टिग

फॅब्रिकेशनच्या बाजूने लिहितो. तयार डाउनपाइप घेतलात तरी हे तपासायला उपयोगी पडेल.

पाइप एसएस ३०४ चा असावा. ४०९ स्वस्त असतो, चुंबकाला घट्ट चिकटतो आणि खाडीकाठच्या दमट हवेत बाहेरून लवकर गंज धरतो. टर्बोला लागून पहिला तुकडा ३२१ चा असेल तर उत्तम, कारण सततच्या उष्णतेत तो ३०४ पेक्षा कमी तडकतो. वेल्ड आतून बघा. मागून आरगॉन सोडून केलेला टिग वेल्ड आतल्या बाजूनेही गुळगुळीत असतो. न सोडता केला तर आत काळपट, खरखरीत, साखरेसारखे दाणे येतात. ते सुटून थेट कॅटच्या जाळीवर जातात, शिवाय वेल्ड तिथेच तडकतो. ३०४ ला ३०४ जोडताना ३०८एल तार. ३०४ ला ४०९ जोडायची वेळ आलीच तर ३०९एल.

फ्लेक्स, म्हणजे मधला लवचिक जाळीदार भाग, आतून इंटरलॉक अस्तराचा हवा. नुसती बाहेरची विणलेली जाळी आणि आत पातळ बेलो असेल तर इंजिन हललं की वर्षा-दीड वर्षात फाटतो. आणि हँगर. मोठा कॅट जड असतो. त्याचं वजन टर्बोच्या क्लॅम्पवर लटकत राहिलं तर क्लॅम्प सैल होतो नाहीतर टर्बोचा फ्लँज तडकतो. डाउनपाइपच्या खालच्या टोकाला कंपनीच्या जागी हँगर असलाच पाहिजे.

व्हीआरएसला पुढच्या चाकांचा ड्राइव्ह आहे. याच इंजिनाच्या चारही चाकं फिरवणाऱ्या गाड्यांचा डाउनपाइप वेगळा येतो, तो चुकून मागवला जातो. ऑर्डरमध्ये 'फ्रंट व्हील ड्राइव्ह' स्पष्ट लिहून घ्या.

जागाही मोजा. ५ इंच म्हणजे जाळी १२७ मिलिमीटर, वर आवरण. फायरवॉल आणि ड्राइव्हशाफ्टपासून किमान १५ मिलिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. इंजिन टॉर्कखाली मागे झुकतं, उभ्या गाडीत दिसणारी फट चालत्या गाडीत नसते. ड्राइव्हशाफ्टच्या बूटवरची उष्णतेची ढाल काढून ठेवलेली गाडी परत देऊ देऊ नका. बूट वितळतो, ग्रीस उडतं, पुढचा खर्च शाफ्टचा.

सानपाडा_४३

कापडी पट्टी गुंडाळायची का? काही जण अख्खा डाउनपाइप कॅटसकट गुंडाळतात.

वागळे_टिग

पाइपला गुंडाळा, कॅटच्या पोटाला नाही. सिरॅमिक कॅटमध्ये जाळी आणि आवरण यांच्यामध्ये एक गादी असते. ती गरम झाल्यावर फुगून जाळी धरून ठेवते. बाहेरून उष्णता कोंडली तर गादी जळून भुगा होते आणि जाळी आत खडखडायला लागते. मेटल कॅटला गादी नसते, पत्रा ब्रेझिंगने आवरणाला जोडलेला असतो. पण जास्त तापला तर ते ब्रेझिंगच सुटतं आणि आतला गुंडाळा दुर्बिणीसारखा मागे सरकतो. स्वस्त मेटल कॅटचं मरण बहुतेक असंच असतं. मागच्या बाजूने टॉर्च मारून बघा. जाळी सरकू नये म्हणून मागे आडव्या पिना किंवा कडं दिलेलं असेल तर बनवणाऱ्याने विचार केलाय असं समजा.

पट्टीऐवजी कॅटभोवती हवेची फट ठेवून दाबलेल्या पत्र्याची ढाल लावा. तेवढं पुरतं.

कोपरीकर

चेक इंजिनचं राहिलं. 'क' वाला म्हणतो की २०० आणि ३०० दोन्हीला पी०४२० येणारच, मग स्पेसर लावायचाच असेल तर कॅटवर पैसे कशाला घालवायचे.

राबाळे_लॉगर

पी०४२० म्हणजे काय ते समजलं की त्याचा सल्ला आपोआप गळून पडतो.

कॅटच्या जाळीवर जो रासायनिक लेप असतो, त्यात सेरियम ऑक्साइड असतं. मिश्रण किंचित लीन (पेट्रोल कमी) असलं की ते ऑक्सिजन साठवतं, रिच (पेट्रोल जास्त) झालं की सोडतं. पुढचा सेन्सर मिश्रण वर-खाली होताना बघतो. कॅट चांगला असेल तर मागच्या सेन्सरपर्यंत ते चढउतार पोचतच नाहीत, तो ०.६ ते ०.८ व्होल्टवर शांत बसतो. ईसीयू हाच साठा मोजतो. साठा ठरलेल्या मर्यादेखाली गेला की पी०४२० हा एरर कोड. म्हणजे हा कोड सेलच्या आकड्यावर येत नाही, लेपाच्या प्रमाणावर आणि जाळीच्या आकारमानावर येतो. ४ बाय ४ इंचाची जाळी म्हणजे ०.८ लिटर, ५ बाय ४ म्हणजे जवळजवळ १.३ लिटर. मोठ्या जाळीत लेपही जास्त आणि वायू थांबतोही जास्त वेळ. हलक्या लेपाचा ४ इंची २०० सेल लावला तर कोड येतो, तो लेप आणि आकारमान कमी म्हणून.

स्पेसर मागच्या सेन्सरला प्रवाहातून बाहेर खेचतो, म्हणजे त्याला अर्धवट आंधळं करतो. कॅट खरोखर मेला तरी कळणार नाही. तो वितळून अर्धा बंद झाला की टर्बाइनमागचा दाब वाढतो, टर्बो तापतो, आणि तुम्ही गाडी ओढत नाही म्हणून प्लग बदलत बसता. स्पेसर नको.

बसवल्यावर स्कॅनरने दोन गोष्टी बघा. कॅटचा रेडिनेस मॉनिटर (ईसीयूने स्वतः केलेली चाचणी) पूर्ण होतो का, आणि स्कॅनरच्या मोड ०६ मध्ये, जिथे चाचण्यांचे आकडे दिसतात, कॅटच्या चाचणीचा आकडा मर्यादेपासून किती लांब आहे. मॉनिटर 'उपलब्ध नाही' असं दिसलं तर ट्यूनरने तो फाइलमध्येच बंद केलाय. चालू करून मागा.

लॅम्डा_१

लेपाबद्दल विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: मौल्यवान धातू किती ग्रॅम प्रति घनफूट? उत्तर आकड्यात आलं, प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचं प्रमाण सांगितलं, तर बोलणं पुढे न्या. 'हाय फ्लो आहे, काळजी नको' असं उत्तर आलं तर तिथेच थांबा. नुसता पत्रा गुंडाळून भरलेली जाळीही कॅट म्हणून विकली जाते आणि डोळ्यांना फरक दिसत नाही. युरोपातून येणाऱ्या मालात युनायटेड नेशन्सचा आर१०३ मंजुरी क्रमांक आवरणावर कोरलेला असतो. बदली कॅटसाठीचाच तो नियम आहे. तो क्रमांक कुठल्या गाडीसाठी आणि इंजिनासाठी आहे तेही बघा. एचजेएससारखे उत्पादक अशा मंजुरीचे डाउनपाइप बनवतात.

खाडीपलीकडे

नवीन कॅट लावून सहा महिन्यांत मेला अशा तक्रारी खूप वाचायला मिळतात. तो माल वाईट असतो की आणखी काही?

राबाळे_लॉगर

बहुतेक वेळा इंजिन किंवा फाइल. कॅटवर पैसे टाकायच्या आधी हे बघाच.

मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी चुकून मिश्रण न जळणं, सगळ्यात घातक. न जळलेलं पेट्रोल आणि ऑक्सिजन दोन्ही एकदम जाळीवर पोचतात आणि तिथे जळतात. सिरॅमिक १४०० अंशांच्या पुढे वितळतं, चांगल्या मिसफायरला तिथपर्यंत जायला वेळ लागत नाही. चेक इंजिनचा दिवा नुसता लागला तर घरी जाऊन बघता येतं. लुकलुकला तर लगेच पाय काढा, बाजूला घ्या. तो इशारा कॅटसाठीच आहे. बूस्ट वाढवलेल्या गाडीत प्लगची फट कंपनीचीच ठेवली की वरच्या आरपीएमला ठिणगी विझते. ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवा, एक अंश थंड प्लग घ्या, कॉइल जुने असतील तर चारही बदला.

तेल. टर्बोचं सील किंवा पीसीव्ही (क्रँककेसची वाफ परत आत सोडणारी झडप) गळत असेल तर तेलातलं फॉस्फरस आणि झिंक लेपावर काचेसारखं बसतं. तो कॅट परत जिवंत होत नाही. १००० किलोमीटरला किती तेल घटतं ते आधी मोजा. तेल व्हीडब्ल्यू ५०४ ००/५०७ ०० स्पेसिफिकेशनचं, म्हणजे कमी राखेचं वापरा.

ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्या. बऱ्याच बाटल्यांत एमएमटी किंवा फेरोसीन असतं, म्हणजे मँगनीज नाहीतर लोह. जळल्यावर त्याची ऑक्साइड जाळीच्या तोंडावर थर धरतात आणि भोकं बुजतात. प्लगच्या टोकावर विटकरी-लाल रंग दिसला की ओळखायचं. ऑक्टेन हवं तर पंपावर जास्त ऑक्टेनचं पेट्रोल घ्या, बाटली नको.

सिलिकॉन. पॅकिंगला साधं आरटीव्ही (सिलिकॉन सीलंट) फासलं तर त्याची वाफ सेन्सर आणि कॅट दोघांनाही मारते. डब्यावर सेन्सरला सुरक्षित असल्याचं लिहिलेलंच वापरा. एक्झॉस्टच्या जोडांना तर मुळात लावायचंच नाही.

लॅम्डा_१

आणि फाइल. पाय सोडल्यावर फटाके वाजवणारी फाइल म्हणजे मागे खेचलेलं इग्निशन आणि मुद्दाम सोडलेलं पेट्रोल, जे टर्बोच्या मागे जाऊन जळतं. म्हणजे प्रत्येक फटाका कॅटच्या तोंडावर फुटतो. मेटल असो, सिरॅमिक असो, २०० असो वा ३००, असा कॅट टिकत नाही. पाम बीचवर रात्री तो आवाज करत फिरणाऱ्यांमुळे बाकीच्यांच्या गाड्याही तपासणीला थांबवल्या जातात, हा भाग वेगळा.

एक्झॉस्टचं तापमान वाढतं ते दोन गोष्टींनी: मिश्रण लीन होणं आणि इग्निशन मागे जाणं. एप्रिल-मेमध्ये साध्या पेट्रोलवर नॉकमुळे इग्निशन खूप मागे जातं, तेव्हा कॅटची खरी परीक्षा असते. पूर्ण लोडवर लॅम्डा ०.८० ते ०.८५ च्या पट्ट्यात आहे का बघा. हवा-पेट्रोल गुणोत्तराच्या आकड्यांत बोलू नका. शुद्ध पेट्रोलचं १४.७, ई१० चं (१० टक्के इथेनॉल मिसळलेलं) साधारण १४.१, ई२० चं साधारण १३.५. पंपावर आज ई२० येतं. १४.७ धरून वाचलेला लॉग फसवतो, लॅम्डा फसवत नाही. फ्यूएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोलमध्ये करत असलेली दुरुस्ती, ५ टक्क्यांच्या आत असावेत.

आणि डाउनपाइप बसवून स्टेज वन फाइलवरच जोरात पळवू नका. मागचा दाब कमी झाल्याने टर्बो लवकर फिरतो, बूस्ट ठरलेल्या आकड्याच्या वर उसळी घेऊ शकतो. फाइल त्याच दिवशी टाकून घ्या.

कोपरीकर

'ब' नक्की. शंकूची लांबी, जाळीचं अंतर आणि धातूचं प्रमाण लेखी मागितलंय. मागचा सायलेन्सर कंपनीचाच ठेवायचाय, आवाज नको आहे. तो अडवेल का?

राबाळे_लॉगर

अंदाज करू नका, मोजा. मागच्या सेन्सरच्या भोकाचा आटा एम१८ बाय १.५ असतो. त्यात अडॅप्टर, पुढे फूटभर तांब्याची नळी म्हणजे उष्णता उतरते, आणि मग ० ते १ बारचा गेज. तिसऱ्या गिअरमध्ये एक पूर्ण खेच. तिथे जो दाब दिसेल तो फक्त मागच्या पाइपांचा आणि सायलेन्सरचा. ०.३ बारच्या वर गेला तर मधला रेझोनेटर बदलायचा विचार करा, खाली असेल तर आहे तसं राहू द्या. सेन्सर काढल्याचा कोड येईल, तो नंतर पुसा.

वागळे_टिग

बसवतानाचं शेवटचं. काम इंजिन पूर्ण थंड असताना, सकाळी सुरू करा. बहुतेक वेळा सबफ्रेम थोडा खाली घ्यावा लागतो. त्याचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, नवीन आधीच मागवून ठेवा. टर्बोचा व्ही-बँड क्लॅम्प आणि त्यामागचं पॅकिंग नवंच. सगळे जोड आधी हाताने बसवायचे, पाइप ताणाशिवाय हँगरवर बसला की टर्बोकडून मागे घट्ट करत यायचं. उलट केलं की फ्लेक्सवर पीळ राहतो. सेन्सर ४० ते ५० न्यूटन-मीटरला. आट्याला लावायची पेस्ट टोकाला लागू देऊ नका. वायर ड्राइव्हशाफ्टपासून दूर क्लिपमध्ये.

पहिल्यांदा चालू केल्यावर दहा मिनिटं आयडलवर सोडा. पाइपला हाताचं तेल लागलेलं असतं, थोडा धूर येणारच. मग पुढच्या सेन्सरच्या आधीच्या जोडावर स्मोक मशीनने गळती बघा. तिथे बारीक फट राहिली तरी बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर लीन वाचतो, ईसीयू पेट्रोल वाढवतो आणि नवा कॅट पहिल्याच आठवड्यात रिच मिश्रणात भिजत राहतो. दोनदा पूर्ण गरम-थंड झाल्यावर क्लॅम्प पुन्हा आवळायचा.

पावसाळ्यात सबवेत किंवा मुंब्रा बायपासखाली पाणी साचलेलं असेल तर जोरात पळवून आल्या आल्या गाडी त्यात घालू नका. लाल झालेल्या कॅटवर पाणी बसलं की वेल्ड तडकतात, सिरॅमिक असेल तर जाळीच फुटते. पाच मिनिटं हळू चालवा, मग जा.

कोपरीकर

सबफ्रेमचे बोल्ट, क्लॅम्प, पॅकिंग, चार प्लग यादीत टाकले. गेज कुठल्या मापाचा मिळतो बघतो. डाउनपाइप आला की जाळीचे मागून-पुढून फोटो आणि मोड ०६ चे आधीचे-नंतरचे आकडे इथेच टाकतो.